वैमानिक व्हायचंय आणि चष्मा आहे: पीआरके की लेझिक?

लष्करी वैमानिक व्हायचं आहे, चष्म्याचा नंबर उणे आहे आणि तो घालवायला डोळ्यांचं लेझर करून घ्यायचं हे मनाशी ठरलं आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. पीआरके आणि लेझिक या त्यासाठीच्या दोन लेझर शस्त्रक्रिया. 6/6 म्हणजे काय, किती नंबर चालतो हे तुम्ही केव्हाच वाचलेलं असणार. एकच आठवण करून देतो. लेझरने रंगदृष्टी बदलत नाही आणि लहानपणापासूनचा आळशी डोळाही सुधारत नाही. त्या तपासण्या आधी करून घ्या. तिथेच अडत असेल तर शस्त्रक्रियेचा खर्च आणि त्रास कशाला?

मी पीआरके करून घेतलं. लेझिक वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने लेझिक केलं, दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि आजही त्याला उत्तम दिसतं. दोन्हींत लेझर एकच, 193 नॅनोमीटरचा एक्सायमर. या लेझरने जिवंत ऊती आजूबाजूला न भाजता कापता येतात, हे 1981 मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत आपल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं. याचा मला फार अभिमान वाटतो. फरक आहे तो लेझर आतपर्यंत पोचवण्याच्या वाटेत. पीआरकेत कॉर्नियावरचा, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावरचा, पातळ थर खरवडून काढतात आणि तो पुन्हा आपोआप वाढतो. लेझिकमध्ये साधारण 100 ते 120 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा फ्लॅप, म्हणजे कॉर्नियाचाच एका कडेला जोडलेला पापुद्रा, कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खाली लेझर मारतात आणि फ्लॅप परत बसवतात.

आरामाच्या बाबतीत लेझिकच सरस आहे. पीआरकेनंतरच्या पहिल्या काही रात्री मला जड गेल्या. डोळ्यात वाळू गेल्यासारखी चुरचुर, सतत पाणी, उजेड नकोसा. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावर बसवलेली संरक्षक लेन्स काढल्यावर दुखणं थांबलं, पण नजर लगेच स्वच्छ झाली नाही. आज बरं दिसायचं, उद्या पुन्हा धूसर. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसायची. नजर पूर्ण बसायला काही महिने लागले. स्टिरॉइडचे थेंब बराच काळ घालावे लागले आणि त्यासाठी डोळ्याचा दाब तपासत राहावं लागलं. ज्याला सुट्टीच मिळत नाही, त्याला हे परवडणार नाही हे मान्य आहे.

तरीही मी पीआरकेकडे वळलो तो लेझिकच्या फ्लॅपमुळे. शस्त्रक्रियेआधी मी विचारलं होतं, फ्लॅपची काळजी कधीपर्यंत घ्यायची? उत्तर मिळालं की सुरुवातीचे काही आठवडे कडक, मग नेहमीची, आणि डोळ्यावर जोराचा मार बसू नये हे कायमचं. हे ‘कायमचं’ माझ्या डोक्यातून जाईना. मला झोपेत डोळे चोळायची सवय आहे आणि मी अंगाला अंग भिडणारे खेळ खेळतो. पुढे हेल्मेट, ऑक्सिजन मास्क, व्हायझर, आणि वेळ आलीच तर विमानातून बाहेर फेकणारी इजेक्शन सीट आणि समोरून येणारा वारा. फ्लॅपची कडा भरून येते, पण आतला थर मूळच्या इतका घट्ट सांधला जात नाही. मार लागून काही वर्षांनंतरही फ्लॅप सरकल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अशा घटना विरळ आहेत, आणि लेझिक केलेले लष्करी वैमानिक आज उडत आहेत. पण डोळ्यात असं काही आहे ही जाणीव घेऊन कॉकपिटमध्ये बसायचं नाही, हे माझं मन मला सांगत होतं. पीआरकेत सरकायला काही उरतच नाही.

सैन्यांनाही सुरुवातीला असंच वाटलं असावं. अमेरिकी नौदलाने 1990च्या दशकात अभ्यास सुरू केला तो पीआरकेपासून, आणि त्याचं नेतृत्व केलं स्टीव्हन शॅलहॉर्न या नेत्रशल्यविशारदाने, जो पूर्वी स्वतः लढाऊ वैमानिक होता. अमेरिकी हवाई दलाने लेझिक झालेल्या उमेदवारांना वैमानिक प्रशिक्षणाची वाट मोकळी केली ती 2007 मध्ये. त्याच वर्षी नासानेही अंतराळवीरांसाठी या शस्त्रक्रिया मान्य केल्या. जुन्या आरके शस्त्रक्रियेचा अनुभव सगळ्यांच्या लक्षात होता. तिच्यात कॉर्नियाला चिरा देत आणि उंचावर प्राणवायू कमी पडला की नंबर बदलायचा. 1996 मध्ये एव्हरेस्टवर, आरके झालेले गिर्यारोहक बेक वेदर्स यांची नजर अशीच गेली होती.

जाडीचा मुद्दा मात्र बहुतेक जण चुकीचा मांडतात. समजा कॉर्निया 530 मायक्रॉन आणि नंबर उणे 4. लेझर मारायच्या सहा मिलिमीटर रुंद भागासाठी दर नंबरमागे ढोबळमानाने 12 मायक्रॉन जातात, म्हणजे 48. उरले 482. हा आकडा दोन्ही शस्त्रक्रियांनंतर जवळपास सारखाच येईल, कारण यंत्र फ्लॅपसकट जाडी मोजतं. पण फ्लॅप ताण पेलत नाही. 110चा फ्लॅप धरला तर लेझिकमध्ये खऱ्या अर्थाने ताण पेलणारे उरतात 372 मायक्रॉन. फ्लॅपखाली किमान 250 मायक्रॉन उरावेत ही मर्यादा त्याहून बरीच खाली आहे, पण तुमचा कॉर्निया मुळात पातळ असेल तर हे गणित घट्ट होत जातं. भारतीय हवाई दलाच्या अधिकारी भरतीच्या जाहिरातींत लेझिकनंतर किमान 450 मायक्रॉन जाडी, शस्त्रक्रियेला 12 महिने उलटलेले, वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेली नसावी आणि आधीचा नंबर 6 पेक्षा जास्त नसावा, अशा अटी येत आल्या आहेत.

डोळ्यांचा कोरडेपणा दोन्हींत येतो. फ्लॅप कापताना कॉर्नियातल्या जास्त चेता तुटतात, आणि माझा तो लेझिकवाला मित्र अजून थेंबांची बाटली खिशात ठेवतो. माझी बाटली केव्हाच सुटली. दोघांच्या अनुभवावरून नियम काढू नये, पण कॉकपिटमधली कोरडी हवा विसरूनही चालणार नाही. पीआरकेचा स्वतःचा धोका म्हणजे हेझ, कॉर्नियावर येणारा धूसर पडदा. नंबर मोठा असेल तर तो वाढतो. शस्त्रक्रियेत मायटोमायसिन हे औषध वापरल्याने तो बराच कमी झाला आहे, पण उन्हाचा चष्मा महिनोन्‌महिने टाळता येत नाही. नंबर मोठा आणि कॉर्निया चांगला जाड असेल, तर डॉक्टर लेझिककडे झुकतील आणि ते चूक नसेल. स्माइल नावाच्या तिसऱ्या लेझर शस्त्रक्रियेत फ्लॅप नसतो, पण तिचं नाव तुमच्या दलाच्या नियमात आहे का ते आधी पाहा.

खरं तर हेच सगळ्यांत आधी पाहायचं. काही ठिकाणी एकच शस्त्रक्रिया मान्य असते, आणि तसं असेल तर माझी आवड बाजूला ठेवा. दोन्ही चालत असतील, नंबर मध्यम असेल आणि काही आठवडे मोकळे काढता येत असतील, तर मी पुन्हा पीआरकेच निवडेन.

निवड काहीही असो, शस्त्रक्रियेआधीचे कागद मूळ प्रतींसह हातात घ्या: बाहुली मोठी करून काढलेला नंबर, टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा), कॉर्नियाची जाडी, डोळ्याची लांबी. वैद्यकीय मंडळ आधीचा नंबर विचारतं, आणि लेझर झाल्यावर तो डोळ्यात बघून सांगता येत नाही.