नागपूर जिल्ह्याचे ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’: सरकारची भर मोजायला कितपत उपयोगी?

अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ जिल्हा सांख्यिकी कार्यालय तयार करते आणि ते संकेतस्थळावर फुकट मिळते. नागपूर जिल्ह्याच्या १४ तालुक्यांतील पिके, शाळा, दवाखाने, रस्ते, नगरपरिषदा, जिल्हा परिषद अशी सगळी माहिती एका जागी आहे. एवढ्यासाठीही ते प्रत्येक ग्रंथालयात असायला हवे. पण जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेत राज्य सरकार आणि स्थानिक संस्था किती भर (मूल्यवर्धन, म्हणजे सेवेच्या मोलातून बाहेरून घेतलेल्या वस्तू-सेवा वजा करून उरते ते) घालतात, हे केवळ त्यावरून काढायला बसले तर दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिले ठिकाण म्हणजे स्थानिक संस्थांच्या जमाखर्चाचे तक्ते. खर्च म्हणजे भर नव्हे. सरकारी कार्यालय आपली सेवा बाजारात विकत नाही, म्हणून तिचे मोल खर्चावरून धरतात. त्यातून कागद, वीज, इंधन, कंत्राटी कामे वजा केली की मुख्यतः वेतन आणि इमारती-यंत्रांचा घसारा उरतो. भर तेवढीच. त्यात दुहेरी मोजणीचा धोका आहे. समजा, राज्याने जिल्हा परिषदेला शिक्षकांच्या पगारासाठी १०० रुपये दिले. राज्याच्या खर्चात १००, जिल्हा परिषदेच्या खर्चातही १००, बेरीज २००. शिकवणे मात्र १०० रुपयांचेच झाले. महापालिकेचेही तसेच. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या भरपाईचे अनुदान राज्याकडून येते. ही आपसातली देणीघेणी वजा केलेली एकत्रित बेरीज समालोचन देत नाही. सर्वांत मोठी उणीव हीच.

दुसरे ठिकाण म्हणजे जिल्हा उत्पन्नातली ‘लोक प्रशासन’ ही ओळ. हा आकडा जिल्ह्यात मोजलेला नसतो. राज्याच्या आकड्याची निर्देशकांनुसार (वाटा ठरवणाऱ्या मापांनुसार) वाटणी केलेली असते. सरकारची सगळी भरही त्या ओळीत बसत नाही. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतले डॉक्टर, जिल्हा परिषदेचे शिक्षक ‘इतर सेवां’त जातात. कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मिती या सरकारी कंपनीची वीजकेंद्रे विजेच्या ओळीत, रस्त्यांची कामे बांधकामात. म्हणून ‘लोक प्रशासन’ पाहून सरकारचा वाटा लहान ठरवणे चूक आहे.

यावर इलाज आहे. समालोचन मनुष्यबळ आणि संस्थांच्या यादीसाठी वापरावे, पैशासाठी वित्त विभागाची ‘बीम्स’ ही निधीवाटप व खर्चाची ऑनलाइन प्रणाली उघडावी. तिथे आहरण व संवितरण अधिकारीनिहाय (कोषागारातून पैसे काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्यानुसार) खर्च उद्दिष्टवार, म्हणजे खर्चाच्या प्रकाराच्या क्रमांकानुसार मिळतो. ०१ वेतन घ्यावे. १३ कार्यालयीन खर्च सोडावा. ३६ म्हणजे सहायक अनुदान (वेतन). त्यात जिल्हा परिषदेबरोबर अनुदानित खासगी शाळाही असतात, म्हणून उपशीर्ष (लेखाशीर्षाचा पोटभाग) पाहूनच ते वेगळे करावे. ३६ धरले तर जिल्हा परिषदेच्या लेख्यातले तेच वेतन पुन्हा धरू नये. ५३ मोठी बांधकामे भांडवली खर्चाच्या वेगळ्या तक्त्यात ठेवावीत. लेखाशीर्ष २०७१, म्हणजे निवृत्तिवेतन, स्वतंत्र ओळीत ठेवावे. नागपूर कोषागारातून निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी सेवा इथेच केली असे नसते. महापालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) आणि एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांचे अर्थसंकल्प वेगवेगळे असतात, ते शेवटी जोडावेत. प्रत्येक तक्त्याचे वर्ष आधी तपासावे. एकाच अंकात सगळे तक्ते एकाच वर्षाचे असतील असे गृहीत धरू नये.

हिवाळी अधिवेशनाचा हिशेब इथे हमखास बिघडतो. मुंबईहून आलेल्या मंत्रालयीन कर्मचाऱ्यांचे वेतन मुंबईतच पडते, तिकडच्याच हिशेबात राहू द्यावे. नागपूरच्या वाट्याला येते ती हॉटेले, वाहने, खानपान, मंडप आणि रविभवन, नागभवन, आमदार निवासाच्या डागडुजीतून होणारी उलाढाल, आणि तिच्यातली भर खासगी क्षेत्राची आहे. विभागीय आयुक्त कार्यालय सहा जिल्ह्यांसाठी काम करत असले तरी कर्मचारी इथे बसतात, म्हणून ते पूर्ण नागपूरचे.

कचरा उचलणे आणि ‘आपली बस’ ही कामे महापालिका कंत्राटदारांकडून करून घेते. त्यामुळे तिथल्या मजुरीची नोंद सरकारच्या भरीत न होता खासगीकडे जाते. कंत्राटीकरण वाढलेल्या वर्षी महापालिकेचा वाटा घटलेला दिसला तर सेवा कमी झाली असे समजू नये. समालोचनाच्या पुढच्या अंकात अनुदानांचा ताळमेळ दाखवणारे एक पान आणि कंत्राटी कामगारांची संख्या देणारा एक रकाना घातला, तर हे काम जिल्ह्यातल्या कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्याला करता येईल.