फायरथॉर्नच्या वाळत्या फांद्या आणि निळी बाटली

गच्चीवर किंवा गॅलरीत जुनं फायरथॉर्न बोन्साय असेल आणि त्याची एखादी फांदी वाळायला लागली असेल, तर स्वतःला ‘बोन्साय डॉक्टर’ म्हणवणारा एक गृहस्थ तुमच्या दारात पोचायच्या आत हे वाचा. त्याचं नाव लिहीत नाही. एक तर तक्रार चालू आहे, आणि दुसरं म्हणजे तो नाव आणि नंबर दोन्ही बदलतो. पद्धत मात्र बदलत नाही, म्हणून ती सविस्तर सांगतो.

माझं झाड वडिलांनी नव्वदच्या दशकात पुण्याहून आणलेलं. तेव्हाच बुंधा मनगटाएवढा होता. पायराकँथा असं त्याचं शास्त्रीय नाव, पण आमच्या घरात ते ‘काटेवालं’च. पांढऱ्या फुलांचे झुबके आणि नंतर केशरी-लाल फळं. झाड मुळात थंड मुलखातलं. हिमालयात कुमाऊँ-गढवालकडे त्याचा जातभाई घिंगारू म्हणून डोंगरउतारांवर आपोआप वाढतो. सोलापूरचा मे महिना त्याच्या कुंडलीत कुठंच नव्हता. तरी जुळे सोलापुरातल्या आमच्या पूर्वेच्या गॅलरीत त्यानं इतकी वर्षं काढली.

मग एका कडक उन्हाळ्यानंतर डाव्या बाजूची सगळ्यात खालची फांदी वाळली. एवढंच. बाकी झाड हिरवंगार. संक्रांत उलटल्यावर एका रोपांच्या प्रदर्शनात हा गृहस्थ भेटला आणि दोनच दिवसांत बॅग घेऊन घरी हजर. भिंग काढलं, पानं उलटीपालटी करून पाहिली आणि मान हलवली. “काका, फायर ब्लाइट आहे. झाडाच्या रक्तात शिरलाय. सहा महिन्यांत खेळ खलास.”

इथं पहिली मेख आहे. फायर ब्लाइट हा रोग खोटा नाही. एर्विनिया अमायलोव्होरा नावाच्या जिवाणूमुळे होतो, सफरचंद-नाशपाती आणि त्यांच्याच कुळातलं फायरथॉर्न यांना धरतो. अमेरिकेत हडसन नदीच्या खोऱ्यात तो पहिल्यांदा दिसला तो १७८० च्या सुमारास. कुणीही मोबाइलवर शोधलं की भीतीदायक फोटो समोर येतात, आणि ‘डॉक्टर’ खरं बोलतोय असं वाटतं. पण त्या रोगात कोवळा शेंडा आकड्यासारखा खाली वळतो, पानं जळाल्यासारखी काळी पडून फांदीलाच लटकून राहतात, दमट हवेत चिकट स्रावही दिसतो. तो शिरतो बहुतेक फुलांतून, उबदार आणि ओलसर हवेत. माझ्या फांदीची पानं कडेपासून करडी होत गळून पडली होती, शेंडा सरळच्या सरळ होता. हा फरक त्यानं सांगितला नाही, आणि तो का सांगेल?

औषध म्हणजे अर्ध्या लिटरची निळी बाटली, किंमत अठराशे रुपये. वर जपानी दिसणारी अक्षरं, खाली इंग्रजीत भारदस्त नाव. आठवड्याला एक झाकण पाण्यात कालवून कुंडीत ओतायचं. महिन्याभरात पानं पिवळी पडून गळायला लागली. फोन केला तर म्हणाला, “चांगलं लक्षण आहे काका, विष बाहेर पडतंय.” आमच्या सौभाग्यवती तेव्हाच म्हणाल्या होत्या, विष बाहेर पडतंय की आत जातंय ते बघा. मी हसण्यावारी नेलं नाही, पण दुसरा इलाजही कुणी सांगत नव्हतं.

एप्रिलमध्ये ‘सर्जरी’. अंगठ्याएवढ्या जाड तीन फांद्या त्यानं बुंध्याला अगदी चिकटून कापल्या आणि जखमांवर काळं काहीतरी थापलं. डांबराचा वास येत होता. त्याच बैठकीत ‘मूळशुद्धी’ म्हणून झाड कुंडीतून काढलं, मुळ्यांचा निम्मा गोळा छाटला, नवी माती भरली. बाहेर पारा बेचाळीसच्या वर. त्याचे साडेसहा हजार वेगळे.

मृग लागल्यावर झाडाच्या शेंड्याला भराभर फुटवे आले. लगेच त्याचा व्हिडिओ कॉल, “बघितलं ना काका?” आणि वर्षाचा करार पुढ्यात: दर महिन्याला भेट, बाटल्या वेगळ्या, फांदी वाळली तर तीन महिन्यांची गॅरंटी. आता मागं वळून पाहिलं की या गॅरंटीचा हिशेब कळतो. पावसाळ्यात आपल्याकडे खुंटालासुद्धा पालवी फुटते. जून ते ऑगस्ट कुठलंही औषध गुणकारीच ठरतं. ऑक्टोबरचा चटका लागेपर्यंत गॅरंटी संपलेली असते. तसंच झालं. दसऱ्यानंतर आणखी दोन फांद्या वाळल्या, दोन्ही डावीकडच्या. या वेळी दोष माझ्याकडे आला: “तुम्ही पाणी जास्त घातलंत.”

आणि मग दिवाळीच्या तोंडावर त्यानं सहानुभूतीच्या सुरात विचारलं, “आता हे काही वाचत नाही. टाकून देण्यापेक्षा मला द्या, लाकूड म्हणून. हजार रुपये देतो.”

भाऊबीजेला सांगोल्याचा भाचा आला. त्याची डाळिंबाची बाग आहे. तेल्या आणि मर या दोन रोगांशी झुंजण्यात त्याची उमर चाललीय, त्यामुळे औषधाची बाटली दिसली की तो आधी लेबल वाचतो. बाटली फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाला, “मामा, यावर रजिस्ट्रेशन नंबर कुठंय? बॅच नंबर? विषारीपणाचा त्रिकोण?” काहीच नव्हतं. मग त्यानं एक लोखंडी खिळा पॉलिश पेपरनं घासला, वाटीत थोडं औषध काढलं आणि खिळा त्यात बुडवला. थोड्या वेळात खिळ्यावर तांबूस थर चढला.

“हे मोरचूद आहे की!”

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार. त्यात चुना घालून बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करताना बागायतदार हीच परीक्षा घेतात. मोरचूद आणि कळीचा चुना यांचं प्रमाण जमलं की नाही हे पाहायला त्यात लोखंडी विळा किंवा सुरी बुडवायची. तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे, चुना कमी पडलाय, आणि तसंच फवारलं तर पानं जळणार. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना. फ्रान्सच्या द्राक्षबागांमधून १८८५ च्या सुमारास जगाला माहीत झालेलं हे औषध, आणि मला त्याचा अर्धाच भाग, चुना वगळून, जपानचं ताजं संशोधन म्हणून विकला. तोही फवारायला नाही तर मुळांत ओतायला. थोड्याशा मातीत साठत जाणारं मोकळं तांबं मुळ्यांची कोवळी टोकं मारतं. बाजारात मोरचूद किलोला काही शे रुपयांना मिळतं. त्या बाटलीत मूठभरही नसेल.

कुंडी उपडी केली तेव्हा डाव्या बाजूच्या मुळ्या काळ्या पडलेल्या होत्या, चिमटीत धरून ओढल्या की वरची साल सुटून हातात येत होती. उजवीकडे मात्र पांढरी मुळी शाबूत. वाळलेल्या फांद्या डावीकडच्या, मेलेल्या मुळ्याही डावीकडच्या. जुन्या झाडांत असं बऱ्याचदा असतं: खोडातल्या एका पट्टीतून खालची ठरावीक मुळं वरच्या ठरावीक फांद्यांना पाणी पुरवतात. एका बाजूची मुळं गेली की त्याच बाजूची फांदी जाते, आणि ती लगेच जात नाही. फायरथॉर्नचं पान जाडसर, सदाहरित. मुळं मेल्यावरही फांदीतल्या साठ्यावर ते बराच काळ तग धरतं. नुकसान एप्रिलमध्ये आणि फांदी वाळते ऑक्टोबरमध्ये, असंही होतं. या माणसाचा सगळा धंदा त्या मधल्या वेळेवर चालतो. ज्याच्यामुळे झाड मरतंय त्यालाच आपण मधल्या काळात पैसे देत राहतो.

फांदी वाळण्याची मूळ कारणं अशी साधी असतात की त्यात विकायला काही नाही. उथळ कुंडी मे महिन्यात दुपारपर्यंत कोरडी पडते. एकदा जरी पूर्ण सुकली तरी बारीक मुळ्या गेल्या. पश्चिमेचं ऊन कुंडीच्या अंगावर पडलं तर त्या बाजूची मुळं भाजतात. आमच्या पहिल्या फांदीचं हेच झालं असावं, कारण शेजारच्या नव्या इमारतीच्या काचांवरून परतणारं ऊन त्याच बाजूला येत होतं. नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून आपण बोअरचं घालतो. त्यातले क्षार कुंडीच्या काठावर पांढरे होऊन बसतात आणि मातीतही साठतात. शिवाय फायरथॉर्न सगळा जोर शेंड्याकडे लावतं. वरचा भाग दाट होऊ दिला की खालच्या, आतल्या फांद्यांना उजेड मिळत नाही आणि त्या मुकाट्यानं वाळतात. फळांनी लगडलेलं झाड देखणं दिसतं हे खरं, पण अशक्त झाडावरची निम्मी फळं काढून टाकलेली बरी.

छाटणीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथं झालं. या झाडाची मोठी जखम फार हळू भरते, कधी कधी भरतच नाही. जाड फांदी बुंध्याला चिकटून कापली की वाळण आत खोडात उतरते आणि जिवंत पट्टी तोडते. त्यापेक्षा बोटभर खुंट ठेवावा, तो आपोआप जिथवर वाळायचा तिथवर वाळू द्यावा आणि पुढच्या हंगामात जिवंत सालीच्या कडेपर्यंत साफ करावा. एका वेळी एकच मोठी जखम. डांबर, सिमेंट, पुट्टी असलं काही आत भरायचं नाही, त्यामागं ओल कोंडून लाकूड कुजतं. जुन्या फांद्या ठिसूळ असतात. तार गुंडाळून वाकवल्या की बेचक्यात बारीक चीर पडते आणि ती फांदी दोन महिन्यांनी ‘रोगानं’ वाळते. कुंडी बदलायची ती थंडी सरताना, नवी पालवी हलायच्या आधी. आपल्याकडे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. एप्रिलमध्ये कुणी मुळं छाटायला निघाला तर त्याला चहा देऊन परत पाठवा. चहा नाही दिला तरी चालेल.

फांदी मेलीय की झोपलीय हे नखानं कळतं. शेंड्याकडून खाली येत साल किंचित खरवडायची. जिथं हिरवा, ओलसर पापुद्रा दिसला तिथवर ती जिवंत. त्या गृहस्थानं वर्षभरात एकदाही साल खरवडली नाही, एकदाही पाणी कुठलं घालता हे विचारलं नाही. मला विचाराल तर भामटा ओळखायला या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

आता त्या हजार रुपयांच्या ‘लाकडा’बद्दल. होटगी रोडच्या एका ताईंनी याच माणसाला त्यांचं जुनं फायरथॉर्न असंच मेलेलं समजून दिलं होतं. काही महिन्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका विक्रीत तेच झाड नव्या कुंडीत, हिरवंगार, भल्यामोठ्या किमतीला त्यांना दिसलं. ओळख पटली ती बुंध्यावरच्या न भरलेल्या जुन्या घावावरून. त्यांच्याकडे आधीचे फोटो होते, घाव अगदी तोच. जुना जाड बुंधा तयार व्हायला दशकं लागतात, तो विकत घ्यायला पैसा लागतो आणि मालकाला घाबरवून मिळवायला फक्त निळी बाटली. तो हे ठरवून करतो की नाही ते मला सिद्ध करता येणार नाही. पण वाळतंय म्हणून झाड मागणाऱ्याला ते देऊ नका, आणि आपल्या झाडाच्या बुंध्याचे, घावांचे, पायथ्याच्या मुळांचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर सगळे मिळून एकवीस हजारांच्या आसपास गेले. पावती एकही नाही, ‘घरगुती सेवेला बिल कशाला काका’. पण यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे निरोप आहेत, आणि तक्रारीला ते उपयोगी पडतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली कसूरही येते, म्हणजे घरी येऊन केलेली ‘सर्जरी’सुद्धा. बुरशीनाशक म्हणून विकलेल्या कुठल्याही औषधाला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. लेबलवर नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादन आणि मुदत संपण्याची तारीख, आणि विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असायलाच हवा. नसेल तर कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे लेखी द्या. मी दोन्हीकडे दिलंय. त्यानं माझा नंबर ब्लॉक केलाय.

झाडाचं सांगायचं तर भाच्यानं त्या दिवशी मेलेल्या मुळ्याच तेवढ्या काढल्या, तांबं मुरलेली माती झटकली, मुरमाची जाड चाळ आणि थोडं कोकोपीट घालून बसवलं, पावसाचं साठवलेलं पाणी दिलं आणि दोन महिने खत बंद. डावी बाजू गेली ती गेलीच. उजवीकडच्या दोन फांद्यांना आतून फुटवे आलेत. दुपारी शेडनेट, बोअरचं पाणी बंद.

तुमच्याकडे तशी बाटली असेल तर ओतणं आजच थांबवा, पण बाटली फेकू नका. झाकण घट्ट लावून, लेबल न फाडता, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. माझ्या बाटलीत तळाला चार बोटंच उरली होती, त्यातलं थोडं खिळ्याच्या परीक्षेत गेलं. सीलबंद बाटली कुणाकडे असेल तर तक्रारीला तिचं वजन फार जास्त आहे.