गिंपसाठी जी-मिक प्लगइन: नवीन असाल तर बिनधास्त टाका, फक्त आधी व्हर्जन बघा

आईबाबांच्या लग्नाचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे आमच्याकडे, चिपळूणच्या घरी कपाटात इतके पावसाळे गेलेत त्याचे की निम्म्या फोटोवर बुरशीचे पांढरे ठिपके आलेत आणि आईच्या मुंडावळ्यांवरून एक चीर थेट खालपर्यंत गेलीय. तो नीट करायचाच असं ठरवून मी गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं, फुकट आहे म्हणून, आणि अशा कामाला त्यात जी-मिक हे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा जादा भाग, टाक असं एका मैत्रिणीने सांगितलं.

जी-मिक फ्रान्समधल्या ग्रेक नावाच्या रिसर्च लॅबमध्ये २००८ पासून बनतंय आणि तेही फुकटच आहे, ५०० च्या वर फिल्टर, म्हणजे फोटोवर चालवायचे तयार इफेक्ट, आहेत आत.

टाकताना माझी पहिली संध्याकाळ वाया गेली. सर्चमध्ये सगळ्यात वर आलेल्या कुठल्यातरी डाउनलोड साइटवरून फाइल घेतली तर तिच्यासोबत ब्राउझरमध्ये नको ते टूलबार येऊन बसले, ते काढण्यातच तास गेला. म्हणून सांगते, जी-मिकच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. तिथे गिंप २.१० साठी वेगळी फाइल आणि ३ साठी वेगळी फाइल असते. मार्च २०२५ मध्ये गिंप ३.० आलं तेव्हापासून २.१० ची जुनी प्लगइन्स त्यात चालत नाहीत, मी घाईत २.१० वाली टाकली आणि मेन्यूत काहीच दिसेना, एरर नाही की काही नाही. हेल्प मेन्यूत अबाउट उघडलं की आपलं व्हर्जन दिसतं, दहा सेकंदांचं काम आहे, ते आधी करा. बरोबर इन्स्टॉलर चालवून गिंप बंद करून परत उघडलं की फिल्टर्स मेन्यूत जी-मिक-क्यूटी दिसायला लागतं.

इन्स्टॉलर नसलेली प्लगइन्स हाताने टाकायची असतील तर एडिट, प्रेफरन्सेस, फोल्डर्स, प्लग-इन्स इथे जागेचा पत्ता मिळतो. विंडोजवर तो अ‍ॅपडेटामध्ये असतो आणि अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, त्यामुळे पत्ता तिथूनच कॉपी करा. आणि गिंप ३ मध्ये प्रत्येक प्लगइनला त्याच्याच नावाचा वेगळा फोल्डर लागतो, फाइल नुसती मोकळी टाकली तर ती दिसतच नाही.

आता खरं काम. जी-मिकच्या रिपेअर गटात इनपेंट नावाचे फिल्टर आहेत, खराब झालेल्या भागावर लाल रंग फिरवायचा आणि फिल्टर आजूबाजूचं बघून ती जागा भरतो. माझा लाल रंग करडाच उमटत होता, किती वेळ कळेना! स्कॅन ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या करड्या छटांत होता, इमेज मेन्यूत मोडमध्ये जाऊन आरजीबी, म्हणजे रंगीत केलं तेव्हा लाल आला. रंगवायला पेन्सिल टूल घ्या, पेंटब्रश नको, ब्रशच्या कडा पुसट येतात आणि मग दुरुस्तीभोवती लालसर कड राहते. आणि सगळं लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी काढून त्यावर करा, मूळ फोटोला हात लावू नका.

भिंत, शालू, बाबांचा कोट यांच्यावरचे ठिपके असे काही गेले की मी झूम करून शोधत बसले होते. चेहऱ्यावर मात्र वापरू नका, आईचा डावा डोळा त्याने गालाच्या कातडीने भरला. तिथे गिंपचंच डाग झाकायचं हील टूल घेऊन छोट्या ब्रशने हळूहळू केलं, दोन रात्री लागल्या. इनपेंटमधला पॅच-बेस्ड फिल्टर माझ्या जुन्या लॅपटॉपवर फार वेळ घेतो, मोठा स्कॅन असेल तर चहा करून या.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण फिल्टरची नावं इतकी टेक्निकल आहेत की नवीन माणसाला कुठला कशासाठी ते कळत नाही, वरच्या सर्च बॉक्समध्ये इनपेंट टाइप करा आणि बाकीच्यांकडे सध्या बघू नका. प्रिंट परवा आली, आईने मुंडावळ्या बोटाने चाचपून बघितल्या.