पिठ्या ढेकणांवर व्हर्टिसिलियमची भुकटी: पावसाळ्यात घ्यावी, उन्हाळ्यात नाही

पडवीतल्या जास्वंदीच्या आणि क्रोटनच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीचे कापसासारखे पुंजके दिसू लागले, की दुकानदार बहुधा जहाल रासायनिक औषधच पुढे करतो. घरात लहान मुले वावरत असताना ते फवारणे मला पटत नाही. म्हणून यंदा रत्नागिरीतल्या एका कृषी सेवा केंद्रातून व्हर्टिसिलियम लेकॅनी या बुरशीची १.१५ टक्के भुकटी आणली. ही बुरशी किडीच्या अंगावर रुजून आत शिरते आणि तिला मारते. मात्र तिचे बीजाणू (बीजासारखे सूक्ष्म कण) रुजण्यासाठी हवेत भरपूर ओलावा लागतो, आणि पावसाळ्यात कोकणात त्याची वानवा नसते. मे महिन्याच्या कडक उन्हात हेच औषध वाया जाते.

फवारणीपूर्वी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने पुंजके पुसून घेतले, कारण मेणचट आवरणाखालच्या अंड्यांपर्यंत फवारा नीट पोहोचत नाही. मग लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनेही फवारले आणि आठवड्याने पुन्हा तेच केले. परिणाम सावकाश दिसतो. मेलेली कीड ओळखायची झाल्यास टाचणीने दाबून पाहावे: जिवंत असेल तर ओला डाग उमटतो, मेलेली कोरडी होऊन भुगा होते. जास्वंद जवळजवळ स्वच्छ झाली. क्रोटनच्या बुंध्याशी थोडी कीड उरली, आणि तिथेच मुंग्यांची रांग होती. किडीच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या तिला राखतात, तेव्हा त्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय कुठल्याच औषधाला दोष देऊ नये.

उणिवाही आहेत. भुकटीतल्या शंखजिऱ्याचा (टाल्कचा) पांढरा थर पानांवर राहतो (कीड परत आली की काय, असे वाटते!), आणि द्रावण फडक्याने गाळले नाही तर पंपाचे नोझल तुंबते. एक किलोचे पाकीट कुंड्यांसाठी फारच मोठे आहे.

सुपारीवर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) फवारलेला पंप यासाठी मुळीच वापरू नये. त्यातले तांबे या बुरशीलाही मारते. बीजाणू जिवंत असावे लागत असल्याने पाकिटावरची उत्पादनाची तारीख पाहूनच खरेदी करावी, आणि शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एक पाकीट घेतले तर ते मुदतीत संपेल.