अँटी-स्नॅप सिलिंडर, काही महिन्यांनंतर: पिना उत्तम, माप चुकीचं

दाराच्या कुलपात किल्ली ज्यात घालतो तो हा सिलिंडर, अँटी-स्नॅप म्हणजे बाहेरून मोडून दार उघडता येऊ नये असा बनवलेला, चांगला आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे बरीच तक्रार येणार आहे आणि ती वाचून कुणी हा माल टाकाऊ समजू नये. माझी तक्रार आहे ती दाराच्या बाहेर आलेल्या चार मिलिमीटरची, आणि त्यावर विक्रेत्याकडून मिळालेल्या उत्तराची: "सगळ्यांच्याच दाराला थोडा बाहेर राहतो." बदलून द्यायची माझी शेवटची विनंतीही याच वाक्यावर फेटाळली गेली, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

घेतला कशासाठी ते सांगतो. आधीचा साधा सिलिंडर कुणीतरी बाहेरून पकडीत धरून मोडायचा प्रयत्न केला होता. दार उघडलं नाही, पण सिलिंडरला मधोमध तडा गेला आणि आमचीही किल्ली फिरेना. किल्लीवाल्याने तो काढून दिला तेव्हा दोन तुकडे वेगळे झाले, आणि तडा नेमका कुठे गेलाय ते स्वच्छ दिसलं.

युरो प्रोफाइल सिलिंडर ज्यांनी हातात घेऊन पाहिलाय त्यांना त्याची रचना माहीत आहे. मधोमध कॅम, म्हणजे किल्लीबरोबर फिरून बोल्ट सरकवणारा दाता, फिरायला वरून खाच कापलेली असते, आणि बरोबर त्याच जागी खालच्या पायातून आडवं भोक, दाराच्या कडेतून येणारा एम-५ स्क्रू बसवायला. म्हणजे दोन्ही टोकांना भरीव पितळ, आणि जिथे सगळा जोर येतो तिथे भोकाभोवती उरलेली पातळ भिंत. बाहेरचं टोक धरून हिसके दिले की सिलिंडर तिथेच तुटतो. तुटला की आतला कॅम उघडा पडतो आणि किल्लीच्या दात्यांवर उचलल्या जाणाऱ्या पिना सहा होत्या की दहा याला काही अर्थ उरत नाही. किल्लीच्या दहा हजार वेगळ्या कापण्या शक्य असोत की लाखभर, तुटलेल्या सिलिंडरला किल्ली लागतच नाही.

नव्या सिलिंडरमध्ये याची दोन उत्तरं आहेत. बाहेरच्या बाजूला, टोकापासून थोडं आत, मुद्दाम कापलेली कमजोर खाच आहे, म्हणजे मोडलाच तर पुढचा तुकडा तिथे गळून पडावा आणि कॅमपर्यंतचा भाग जागेवर कुलूपबंद राहावा. शिवाय मध्यभागी पितळेऐवजी पोलादाची पट्टी घातली आहे. ड्रिलने भोक पाडता येऊ नये म्हणून तोंडाशी कडक पोलादी पिना आहेत. हे सगळं बॉक्सवर छापलंय आणि माझ्या पाहण्यात तरी ते खरं आहे.

आता मापाकडे येतो. हा भाग जरा लांबेल, पण सिलिंडर घेणाऱ्या प्रत्येकाने तो नीट वाचावा असं मला मनापासून वाटतं.

सिलिंडरचं माप एका आकड्यात सांगताच येत नाही. ते दोन आकड्यांत असतं: आडव्या स्क्रूच्या मध्यापासून बाहेरचं टोक किती, आणि आतलं टोक किती. माझं दार ४४ मिमी जाडीचं, कुलपाची पेटी बरोबर मध्ये, म्हणजे स्क्रूच्या मध्यापासून दाराच्या पृष्ठभागापर्यंत २२ मिमी. त्यावर हँडलची प्लेट ९ मिमी. एकूण ३१. सिलिंडर साधारण ५ मिमीच्या टप्प्यांत मिळतात, म्हणजे बाहेरच्या बाजूला ३० हवा, तो प्लेटपेक्षा एक मिमी आत बसेल. आतल्या बाजूला ३५ चालेल, तिथे थोडा बाहेर आला तरी बिघडत नाही. म्हणजे मला हवा ३०/३५. विक्रेत्याच्या पानावर मात्र फक्त "७० मिमी" लिहिलेलं. विभागणी नाही. मागवण्याआधी मी लेखी विचारलं होतं, उत्तर आलं की "सगळ्या दारांना बसतो". आला तो ३५/३५. बसला. बाहेर चार मिमी आला.

चार मिमीत काय मोठंसं, असं सर्व्हिसवाल्याने विचारलं. पक्कड ज्याला धरायची तो हाच भाग. सिलिंडर प्लेटशी सपाट असेल तर जबड्यांना धरायला काही मिळत नाही. आधी प्लेट वाकवावी लागते, आवाज होतो, वेळ जातो. सर्वसाधारण सल्ला असा असतो की टोक प्लेटच्या बाहेर ३ मिमीहून जास्त नसावं, आणि जितकं कमी तितकं बरं. पुढचा तुकडा मोडूनही दार उघडणार नाही हे मान्य. पण तो तुटला की नवा सिलिंडर घेणं आलं, आणि तो बसेपर्यंत ते दार भरवशाचं नाही. मोडायला जागा ठेवायची आणि मोडल्यावर टिकेल असं सांगायचं, हे मला पटत नाही. इतक्या महागाचा सिलिंडर घेणाऱ्याला दोन आकड्यांची विभागणी पानावर वाचायला मिळालीच पाहिजे. ती न छापणं हा या संपूर्ण मालातला सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो कारखान्यातला नाही, विकण्यातला आहे.

बदलून द्यायला नकार का, तर बॉक्स उघडलाय आणि स्क्रूचे व्रण पडलेत. बसवल्याशिवाय तो किती बाहेर येतो हे कसं कळणार, या प्रश्नाला उत्तर आलेलं नाही.

पिनांबद्दल. ज्यांना तारा घालून कुलूप उघडण्याची भीती वाटते त्यांच्यासाठी सांगतो, या सिलिंडरमध्ये वरच्या पिना सरळ नाहीत, काही मध्ये बारीक केलेल्या रिळाच्या आकाराच्या आहेत, काहींना दाते आहेत. किल्लीबरोबर फिरणारा गाभा जरासा फिरला की त्या अडकतात आणि उघडणाऱ्याला पिन बसल्याचा खोटा भास होतो. ठोकून उघडण्याच्या किल्लीवर, म्हणजे बम्प कीवर, वेगवेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा दिल्या आहेत. हा उपाय बरा आहे, पूर्ण नाही. धक्क्याने पिना उडणं हे स्प्रिंगच्या रचनेतच आहे. ज्यांना तो धोका मुळातूनच नको त्यांनी फिरत्या चकत्यांची कुलपं बघावीत. फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सनने १९०७ मध्ये काढलेल्या त्या रचनेत, जी आज ॲब्लॉय नावाने ओळखली जाते, पिना ढकलणाऱ्या स्प्रिंगाच नाहीत, त्यामुळे उडवायलाही काही नाही.

एक गोष्ट मात्र या सिलिंडरमध्ये नाही आणि ती मला खरोखर हवी होती: कुणी छेडछाड केली तर ते कळणं. १८१८ मध्ये जेरेमाया चब याने जे डिटेक्टर कुलूप काढलं त्यात एखादी पट्टी गरजेपेक्षा जास्त उचलली गेली की कुलूप अडकून बसायचं, आणि मालकाला पुढच्या वेळी किल्ली लावताच समजायचं की कुणीतरी हात लावलाय. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनावेळी अमेरिकेच्या ए. सी. हॉब्जने ते कुलूप उघडून दाखवलं हे खरं. त्यानेच ब्रामा या कुलूप बनवणाऱ्याचं, 'उघडून दाखवा' असं आव्हान दिलेलं कुलूपही उघडलं, पण त्याला १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले. दोन्ही कुलपं उघडली गेली तरी छेडछाडीची खूण ठेवण्याची कल्पना वाया गेली असं मी मानत नाही. आजच्या चांगल्या पिनांच्या सिलिंडरवर तासभर कुणी खटपट करून गेला तरी बहुधा काहीच दिसत नाही. तोंडावरचे ओरखडे अधूनमधून बघत राहणं एवढंच हाती उरतं.

इथपर्यंतचं मत पहिल्या काही आठवड्यांत तयार झालं होतं. पावसाळ्यात त्यात भर पडली: किल्ली जड फिरू लागली. दुसरा फेरा पूर्ण करताना मनगटाला जोर लागायचा. सिलिंडर इतक्या लवकर कुरकुरतो म्हणजे दर्जा गेला, असा निष्कर्ष काढायला मी तयार होतो. मग दार उघडं ठेवून किल्ली फिरवली. लोण्यासारखी फिरली. दोष सिलिंडरचा नव्हता; दार फुगून जरा खाली बसलं होतं आणि बोल्ट चौकटीतल्या पट्टीच्या कडेला घासत होता. बिजागरीचे स्क्रू आवळले, पट्टीचं भोक कानशीने जरासं वाढवलं, प्रश्न मिटला. म्हणून टिकाऊपणाबद्दलचं माझं मत आता पूर्ण उलट आहे: या सिलिंडरची यांत्रिक घडण उत्तम आहे. बॉक्सवरच्या ईएन १३०३ या सिलिंडरांच्या युरोपीय मानकाच्या आठ आकड्यांत दुसरा ६ आहे, म्हणजे १,००,००० फेऱ्यांची चाचणी. सातवाही ६ आहे, किल्लीच्या सुरक्षेचा, म्हणजे किमान १,००,००० वेगळ्या किल्ल्या. माझ्या वापराने त्या आकड्यांवर शंका घ्यावी असं काही घडलेलं नाही. तेल मात्र घालू नका. तेलावर धूळ बसते आणि पिना चिकटू लागतात. ग्रॅफाइट किंवा टेफ्लॉनचा कोरडा फवारा पुरतो.

ती पट्टी काढली तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. चौकटीतली पट्टी जेमतेम दोन सेंटिमीटरच्या स्क्रूंवर धरलेली होती, तेही वरवरच्या लाकडात. अशा दाराला लाथ बसली तर सिलिंडर आणि बोल्ट दोन्ही शाबूत राहतील आणि चौकटीची फळी फुटून दार उघडेल. त्या जागी ७५ मिमीचे स्क्रू घातले, चौकटीच्या मागच्या भक्कम भागात जाणारे. मूठभर स्क्रूंची किंमत सिलिंडरच्या तुलनेत काहीच नाही. पैसे जपून खर्च करायचे असतील तर मी आज क्रम उलटा लावेन: आधी लांब स्क्रू आणि जाड पट्टी, मग प्लेट, मग सिलिंडर. दार बाहेर उघडणारं असेल तर बिजागरीच्या बाजूला दार बंद झालं की चौकटीत शिरणाऱ्या पक्क्या पिना बसवा, कारण बाहेर दिसणाऱ्या बिजागरीची पिन काढली की ते दार त्या बाजूने निघतं.

आणि किल्ली फिरवा. हे घरातल्या प्रत्येकाला सांगावं लागलं. दार नुसतं ओढून घेतलं की फक्त तिरकं लॅच अडकतं. स्प्रिंगवरचं ते लॅच फटीतून घातलेल्या प्लॅस्टिकच्या पत्त्याने मागे सरकतं, तेही या सिलिंडरला स्पर्श न करता. दोन फेरे दिल्यावर चौकोनी बोल्ट पूर्ण बाहेर येतो, तेव्हा कुठे या सिलिंडरला घेतलेल्या पैशांचं काम करता येतं.

चार मिमीचा उपाय शेवटी मलाच करावा लागला. १३ मिमी जाडीची संरक्षक प्लेट घेतली, तोंडाशी फिरणारी कडक चकती असलेली, स्क्रू सगळे आतून. २२ अधिक १३ म्हणजे ३५: सिलिंडर आता बरोबर प्लेटच्या आत लपला आहे आणि बाहेर फक्त किल्लीची चीर दिसते. टीएस ००७ या ब्रिटिश मानकात याला सरळ जागा आहे: एक तारा असलेला सिलिंडर आणि दोन तारे असलेली हँडल-प्लेट मिळून तीन तारे होतात, किंवा तीन तारे एकट्या सिलिंडरला मिळवता येतात. म्हणजे एका ताऱ्याचा सिलिंडर आणि चांगली प्लेट हा महागड्या सिलिंडरइतकाच मान्य मार्ग आहे. हे विक्रेत्याच्या पानावर कुठेच नाही, कारण प्लेट तो विकत नाही. दुसऱ्याच्या चुकीच्या मापासाठी मला हा खर्च करावा लागला याचा राग अजून आहे, पण प्लेट बसल्यावर दार खरोखर वेगळं झालं हेही तितकंच खरं.

एका गोष्टीने मनापासून आनंद दिला. आतून किल्ली लावलेली राहिली आणि सगळे बाहेर. साध्या सिलिंडरमध्ये आतली किल्ली बाहेरच्या किल्लीचा मार्ग अडवते आणि किल्लीवाल्याला बोलवावं लागतं. इथे बाहेरून किल्ली घातली आणि दार उघडलं. दोन्ही बाजूंनी चालणारी ही सोय सगळ्या सिलिंडरमध्ये नसते; घेताना नक्की विचारा. यामुळे रात्री आतून किल्ली लावून ठेवता येते, आग लागली तर अंधारात शोधत बसावं लागत नाही, आणि तरीही घरातलं कुणी आजारी पडलं तर बाहेरून आत शिरता येतं. या एका सोयीसाठी मी हा सिलिंडर वृद्ध माणसं राहत असलेल्या प्रत्येक घराला सुचवेन.

सिलिंडरसोबत मिळालेल्या किल्लीच्या कार्डाबद्दल थोडक्यात. जादा किल्ली कार्ड दाखवल्याशिवाय मिळत नाही आणि कोऱ्या, म्हणजे अजून दाते न कापलेल्या, किल्लीला पेटंटचं संरक्षण आहे. पेटंट २० वर्षांचं असतं, तेव्हा ते कधी संपतं हे विचारून घ्या. संपलं की तीच कोरी किल्ली इतर कुणीही बनवू शकतो. कार्डावरचा क्रमांक किल्लीच्या डोक्यावरही कोरलेला आहे, आणि हे मला आवडलेलं नाही. किल्ली टेबलावर पडलेली असताना कुणी फोटो काढला तर क्रमांक त्यात येतो. मी तो कानशीने घासून काढला आहे, कार्ड वेगळं ठेवलं आहे.

पाचपैकी सिलिंडरला साडेचार. विक्रेत्याला एक, तोही माल खरा असल्याबद्दल. पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन, पण जो दुकानदार बाहेरचा आणि आतला असे दोन आकडे पावतीवर लिहून देईल त्याच्याकडूनच. मागवण्याआधी दाराच्या कडेवरचा स्क्रू शोधा, त्याच्या मध्यापासून बाहेरच्या प्लेटच्या पृष्ठभागापर्यंत मोजा, आणि आलेला आकडा ५ च्या टप्प्यात खाली आणा, वर नाही. प्लेट बदलायची असेल तर नवी प्लेट धरून मोजा.