मोनेची जिव्हर्नीची बाग: ऑक्टोबरमध्येच का जावं

चित्रकार क्लोद मोनेची फ्रान्समधली ही बाग बघायला गर्दी लोटते ती मे-जूनमध्ये. पण रंगांसाठी जायचं असेल, तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हाच काळ धरा. घरासमोरच्या मुख्य वाटेवर दोन्ही बाजूंनी नॅस्टर्शियमचे वेल सरपटत येतात आणि मधोमध खडीची जेमतेम पट्टी उरते. गोल पानांतून केशरी-पिवळी फुलं डोकावतात, कडेला माणसाच्या उंचीचे डेलिया आणि जांभळे अ‍ॅस्टर. केशरीला जांभळ्याची जोड किती उठते ते इथे डोळ्यांनी पटतं. वाफे लावताना मोने रंगांचाच विचार करायचा. त्या वाटेवर चालू देत नाहीत. टोकाला उभं राहून किंवा बाजूच्या वाटांवरून बघायचं. आणि पहिलं कडक दव गोठलं की नॅस्टर्शियम, डेलिया दोन्ही काळे पडतात, म्हणून ऑक्टोबरअखेरची वाट बघू नका.

बाग सकाळी साडेनऊला उघडते. आत शिरल्याबरोबर फुलांकडे न वळता भुयारी वाटेने थेट कमळतळ्याकडे जा. तळ्याची ही जमीन मोनेने 1893 मध्ये घेतली आणि एप्त नदीच्या फाट्याचं पाणी आत वळवलं. शरदातल्या सकाळी पाण्यावर धुकं असू शकतं, ऊन तिरपं असतं, विलोची पिवळी पडणारी पानं पाण्यात उतरतात. तासाभराने जपानी पुलावर फोटोंसाठी रांग लागते आणि निवांत बघणं संपतं. कमळं मात्र तोवर सरत आलेली असतात. त्यांच्याच ओढीने जाणार असाल, तर जुलै-ऑगस्ट बरा.

घरातलं पिवळं जेवणघर आणि जपानी छापचित्रं छान आहेत. स्टुडिओतली मोनेची चित्रं मात्र प्रतिकृती आहेत, हे बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळतं. मूळ चित्रांसाठी पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात जा: दोन लंबगोल दालनांत कमळतळ्याची 8 विशाल चित्रं, 1927 पासून. ते मंगळवारी बंद असतं, मोनेची चित्रं असलेलं पॅरिसचंच मार्मोतां संग्रहालय सोमवारी.

जायचं कसं: पॅरिसच्या सां-लझार स्टेशनवरून व्हेर्नों-जिव्हर्नीची गाडी, साधारण तासाभराचा प्रवास. पुढे बागेपर्यंत शटल बस, ती गाड्यांच्या वेळा धरून सुटते. परतीची बस चुकली तर बराच वेळ जातो, म्हणून तिची वेळ उतरल्याउतरल्याच बघून ठेवा. तिकीट ऑनलाइन आधीच काढा. 1 नोव्हेंबरनंतर बाग एप्रिलपर्यंत बंद राहते.