नवतपा काढलेली कुंडी

मेच्या शेवटच्या आठवड्यात पुतणीच्या लग्नासाठी अमरावतीला जायचं होतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला, आठ दिवस घर बंद, कूलरही बंद. अशा वेळी घरातल्या पीस लिलीच्या झाडाचं काय होणार, हा घोर एप्रिलपासूनच होता. म्हणून नागपुरातल्या सीताबर्डीवरून सहा इंची सेल्फ वॉटरिंग कुंडी २२० रुपयांना आणली. खालच्या कप्प्यातलं पाणी सुती वातीतून वर चढतं, समईत तेल चढतं तसंच.

पहिल्यांदा मी गमल्यातली आपली काळी माती भरली. पंधरा दिवसांत पानं पिवळी. उपसून पाहिलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुबट वास. काळी माती पाणी धरून बसते, वात त्यात आणखी पाजत राहते, मग मुळांना हवा कुठून मिळणार? सडकी मुळं कापून टाकली आणि दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (हलके पांढरे खडे), एक भाग गांडूळखत असं भरलं. वात आधी भिजवून घेतली, पहिलं पाणी वरूनच दिलं.

लग्नाहून परतले, दार उघडलं तर भट्टीसारखी झळ. पण बंगईमागच्या कोपऱ्यात पीस लिली ताठ उभी! मधून एक नवं पान निघालेलं, अजून सुरळीतच. एरवी दोन दिवस पाणी चुकलं की मान टाकणारं हे झाड. मला खरंच भरून आलं.

तक्रारी आहेत. पाण्याची पातळी दाखवणारा तरंगता दांडा महिन्याभरात अडकला. पाणी ओतायचं तोंड उघडंच आहे, जूनमध्ये त्यात डासांच्या अळ्या दिसल्या. आता मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधलाय आणि दर रविवारी कप्पा रिकामा करून घासते.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र यात घालू नका. आपल्याकडे ते सर्रास झाडांना घालतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, कूलरच्या गवतावर पांढरा थर धरतो तो हाच. वातीच्या कुंडीत तो मातीच्या वर येऊन साचतो. महिन्यातून एकदा आतली कुंडी मोरीत नेऊन वरून भरपूर पाणी सोडावं.

स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांटला ही कुंडी देऊ नका, त्यांना कोरडंच आवडतं. अ‍ॅग्लोनिमासाठी मी आणखी दोन घेणार आहे, तोंडाला झाकण असलेल्या.